ओ निगेटिव्ह उपलब्ध नाही

देवदत्त टिपणीस हा मुळातच सावकाश माणूस. रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघणारा, गॅस बंद केल्यावर बटणाला पुन्हा एकदा हात लावून खात्री करणारा. त्याची बायको कुंदा पाहुण्यांना हसत सांगायची, "लग्नाला होकार द्यायला ह्यांनी इतका वेळ लावला, की माझ्या वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं." देवदत्तही हसायचा. सावकाशपणाचा त्याला मनातून थोडा अभिमानच होता. घाईत केलेलं काम पुन्हा करावं लागतं, हे तो अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शिकला होता. तिथे तो कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या वयाच्या बहुतेकांनी घरी बसणं पत्करलं. ह्याने पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून नवीन गोष्टी शिकून घेतल्या आणि उल्हासनगरच्या चंदर रोहराकडे नोकरी धरली.

चंदरचं ऑफिस उल्हासनगरच्या कॅम्प चार ह्या वस्तीत, जीन्स शिवणाऱ्या वर्कशॉपच्या वर. खाली मशिनं सुरू झाली की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. कंपनी लहान, पण काम मोलाचं. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या हॉस्पिटलांना बसल्या जागी दिसावं, असं त्यांचं सॉफ्टवेअर होतं. पूर्वी नातेवाइकांना चिठ्ठी हातात घेऊन पेढ्यांचे उंबरे झिजवावे लागायचे. आता हॉस्पिटलातली मुलगी कॉम्प्युटरवर बघून सांगायची, अमक्या ठिकाणी जा, तिथे आहे. देवदत्तला कोणी विचारलं की काय करता, तर तो म्हणायचा, "रक्ताचा पत्ता सांगतो."

ही सगळी माहिती ऑफिसात नव्हती. ती क्लाउडवर होती, म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या दूरच्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवर. असे सहा सर्व्हर मिळून एक डेटाबेस चालायचा. त्या सहांच्या जथ्याला क्लस्टर म्हणायचे आणि त्यातल्या एकेकाला नोड. माहिती त्यांच्यात वाटून ठेवलेली असायची. काही गट ह्या नोडवर, काही त्या नोडवर, आणि प्रत्येकाची एक प्रत जोडीच्या नोडवर. एक नोड पडला तरी अडू नये म्हणून.

त्या वर्षी डेंग्यूने कहर केला. पाऊस सरता सरता घरटी एक आजारी, अशी अवस्था. प्लेटलेटसाठी हॉस्पिटलं दिवसभर सॉफ्टवेअर उघडून बसायची आणि स्क्रीन रखडायची. चंदरचा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. तो देवदत्तच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"काका, लोक शिव्या देतायत. दो नोड बढाओ. पैशाचं मी बघतो."

"वाढवू. पण नुसते नोड वाढवून भागत नाही, चंदर. त्यांना जागा द्यावी लागते."

"क्लाउडवर जागा नाही? कमाल करता काका."

"जागा म्हणजे पत्ते. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर स्वतःचा एक पत्ता लागतो. आपण पत्त्यांची जी रांग घेतली होती ती भरली. नव्या दोघांना नवी रांग घ्यावी लागेल. मग जुन्यांनी नव्यांशी बोलायला परवानगी, नव्यांनी जुन्यांशी बोलायला परवानगी, हॉस्पिटलांच्या वाटा त्या रांगेपर्यंत न्यायच्या."

"करा ना मग. तुमच्याइतकं कोणाला येतं?"

आणि देवदत्तने ते केलं, नेहमीसारखं, पायरी पायरीने. नोड एकमेकांशी ज्या दारांतून बोलतात ती फायरवॉलमध्ये त्यांच्यापुरतीच उघडली; बाहेरच्या जगाला बंद ठेवली. हॉस्पिटलांतले सर्व्हर एका खाजगी, सुरक्षित वाटेने थेट ह्या नोडांपर्यंत यायचे. ती वाट नव्या रांगेपर्यंत वाढवली. एकच धोका होता आणि तो त्याला चांगला ठाऊक होता. हॉस्पिटलाच्या आत, त्यांच्या स्वतःच्या यंत्रांना, नेमकी तीच रांग दिलेली असली तर घोटाळा. अंबरनाथला एक साईकृपा सोसायटी आणि बदलापूरलाही साईकृपा. बदलापूरच्या पोस्टमनला नुसतं 'साईकृपा' लिहिलेलं पत्र दिलं तर तो ते अंबरनाथला कशाला नेईल? आपल्याच गावात फिरत बसेल. तसंच हॉस्पिटलाचा सर्व्हर क्लाउडवरचा नोड आपल्याच इमारतीत शोधत बसेल आणि त्याला कोणी भेटणार नाही.

म्हणून देवदत्तने एकेका हॉस्पिटलाला फोन करून विचारलं, तुमच्याकडे आतले पत्ते कुठल्या रांगेतले आहेत. सगळ्यांना विचारलं. बदलापूरच्या एका लहान हॉस्पिटलाला मात्र विचारलं नाही. तिथलं नेटवर्क त्याने स्वतः बसवलं होतं, पॅथॉलॉजीपासून रिसेप्शनपर्यंतची वायर स्वतः उभं राहून ओढून घेतली होती. स्वतःच्या घराचा पत्ता कोणी दुसऱ्याला विचारतं का?

रविवारी दुपारी, हॉस्पिटलांत गर्दी कमी असते तेव्हा, त्याने नवे नोड जोडले. माहितीचा काही भाग जुन्यांवरून नव्यांवर सरकला. सगळं हिरवं दिसत होतं. तरीही त्याने एकेका ठिकाणी फोन करून खात्री करून घेतली. बदलापूरला सुरुची नावाची मुलगी कॉम्प्युटरवर असायची. बोलायला चुणचुणीत, कामाला चोख.

"सुरुची, एखादा गट लावून बघ गं. दिसतंय का?"

"कुठला लावू सर?"

"लाव कुठलाही. बी पॉझिटिव्ह लाव."

"हो, दिसतंय. सगळ्या पेढ्या दिसतायत. आणि फास्ट पण झालंय!"

देवदत्त समाधानाने घरी गेला. कुंदाने त्या संध्याकाळी अळूवड्या केल्या होत्या. त्याने दोन जास्तच खाल्ल्या.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, बदलापूरच्या त्या हॉस्पिटलात सोनिया नावाची एक बाई बाळंत झाली. पंचविशीची असेल नसेल. सासर अंबरनाथजवळच्या मोरिवलीचं, माहेर बदलापूरचं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, रडली, सगळं ठीक वाटलं, आणि मग सोनियाचं रक्त जायला लागलं ते थांबेना. गट ओ निगेटिव्ह. दुर्मीळ. डॉक्टरांनी सुरुचीला निरोप पाठवला, ताबडतोब बघ कुठे आहे.

सुरुचीने बघितलं. स्क्रीन थोडा वेळ फिरत राहिली आणि अक्षरं आली: उपलब्ध नाही. तिने पुन्हा लावून बघितलं. उपलब्ध नाही. तिने धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "सर, आपल्याकडे कुठेच नाहीये." डॉक्टरांनी सोनियाच्या नवऱ्याला, प्रज्वलला, कल्याणच्या एका मोठ्या पेढीचं नाव दिलं. तिथे फोनवर 'या, बघतो' एवढं म्हणाले होते. प्रज्वलने मोटरसायकलला किक मारली.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. सोनिया गेली होती.

देवदत्तला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला कळलं ते सुरुचीच्या फोनवरून. आधी नुसते हुंदके, मग शब्द.

"सर, मला काढलं. म्हणाले, तू नीट बघितलं नाहीस."

"काय नीट बघितलं नाहीस?"

"ती पेशंट गेली ना सर... ओ निगेटिव्हवाली. नंतर कोणीतरी बोललं की अंबरनाथच्या पेढीत त्या दिवशी होतं. मॅनेजर म्हणतात, मग तू नाही कसं सांगितलंस? सर, मी दोनदा बघितलं. जे स्क्रीनवर होतं तेच सांगितलं. तुमच्या सॉफ्टवेअरची कम्प्लेंट नाही करत मी. पण मी दोनदा बघितलं, एवढं तुम्ही तरी माना."

देवदत्तने उरलेला चहा तसाच ठेवला आणि रिक्षा करून बदलापूर गाठलं. रस्ताभर तो स्वतःला सांगत होता की पोरीची काहीतरी गफलत झाली असेल. दुसरा गट लावला असेल. घाबरल्यावर माणसाला दिसत नाही. आपण तिथे जाऊ, सगळं चालू असलेलं दिसेल, पोरीची समजूत काढू.

रिसेप्शनमागच्या खोलीत सुरुचीच्या खुर्चीवर आता कोणीच नव्हतं. खुर्चीच्या पाठीला तिची ओढणी तशीच अडकवलेली होती. देवदत्त बसला. बी पॉझिटिव्ह लावून बघितलं. दिसलं. ए पॉझिटिव्ह, दिसलं. ओ निगेटिव्ह लावलं. स्क्रीन फिरायला लागली. त्याने टेबलाची कड धरून ठेवली. अक्षरं आली.

उपलब्ध नाही.

खरं म्हणजे त्याचा अर्थ होता, माहिती उपलब्ध नाही. नोडने उत्तर दिलं नाही. फार पूर्वी कोणीतरी, जागा पुरेना म्हणून, 'माहिती' हा शब्द गाळला होता. इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नव्हतं.

देवदत्तने त्या कॉम्प्युटरचा पत्ता उघडून बघितला. त्याने बसवलेली रांग ही नव्हती. त्याने तिथल्या वॉर्डबॉयला विचारलं, "इथलं नेटवर्क कोणी बदललं?"

"ते होय? वरचा मजला बांधला तेव्हा वायरमन आला होता ना. नवीन डबा लावून गेला. का, बंद हाय काय?"

"नाही," देवदत्त म्हणाला. "चालू आहे."

नव्या डब्याने, म्हणजे राउटरने, हॉस्पिटलाला नवी रांग दिली होती, आणि देवदत्तने क्लाउडवर नव्या नोडांसाठी नेमकी तीच निवडली होती. ओ निगेटिव्हची माहिती रविवारी सरकून नव्या नोडवर गेली होती. तिची प्रत जोडीच्या नोडवर, तोही नवाच. हॉस्पिटलाचा सर्व्हर दोघांनाही आपल्याच इमारतीत शोधत राहिला होता. बाकी सगळे गट व्यवस्थित दिसत होते. बाकी सगळी हॉस्पिटलं व्यवस्थित चालत होती. त्या एका ठिकाणी, त्या एका गटाला, वाट नव्हती. आणि त्याने सुरुचीला 'बी पॉझिटिव्ह लाव' म्हणून सांगितलं होतं.

तिथल्या तिथे त्याने तात्पुरती दुरुस्ती केली. नोडांना दुसरी रांग द्यायचं काम पुढच्या दोन दिवसांत पुरं केलं. हात नेहमीसारखे चालत होते. चूक सापडल्यावर ती दुरुस्त करणं किती सोपं असतं, ह्याचाच त्याला राग येत होता.

चंदरला त्याने सगळं सांगितलं. चंदर उठला आणि केबिनचं दार लावून आला.

"काका, डॉक्टर काय म्हणतात? मिळालं असतं तर वाचली असती?"

"सांगता येत नाही म्हणतात."

"मग? सांगता येत नाही ना?"

"पण सुरुचीला काढलंय, चंदर. तिची काही चूक नाही."

"तिला मी इथे लावून घेतो. आजच्या आज. तुम्ही लिहून काही देऊ नका." तो समोर बसला. आवाज खाली आला, सिंधी वळणाचा झाला. "साईं, मी वाईट माणूस नाही. पण हे लिहून दिलंत तर एक हॉस्पिटल नाही, सगळी जातील. मग पुन्हा लोक चिठ्ठ्या घेऊन पळत फिरतील. त्यात किती मरतील, तुम्ही सांगा. तुम्हीच सांगा मला."

चंदर खोटं बोलत नव्हता. त्याच्या आईला एकदा रक्तासाठी असंच वणवण फिरावं लागलं होतं, त्यातूनच त्याने ही कंपनी काढली होती.

घरी कुंदाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मुलीचं नाव साफ व्हायला हवं. त्यासाठी जे लागेल ते लिहा. पण तेवढंच करा. त्या घरी जाऊ नका."

"का?"

"तुमचं ओझं उतरेल हो. पण ते कुठे उतरवून ठेवणार तुम्ही?"

देवदत्तने हॉस्पिटलाला लिहून दिलं. काय झालं, कशामुळे झालं, आणि सुरुचीने स्क्रीनवर जे होतं तेच सांगितलं. चंदरने वाचलं, डोळे मिटून घेतले, पण अडवलं नाही. हॉस्पिटलाने सुरुचीला परत बोलावलं. ती गेली नाही. तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, "तिला त्या खोलीत आता जाववत नाही. मोबाईलच्या दुकानात लागलीय. तिला फोन करू नका, साहेब. तुमचा नंबर दिसला की थरथरते."

कुंदाचं एक त्याने ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. पत्र धाडल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पत्रात रांग होती, नोड होते, डबा होता. सोनिया कुठेच नव्हती. तो आणखी काही दिवस घुटमळला आणि एका सकाळी मोरिवलीला गेला.

कारखान्यांच्या भिंती जिथे संपतात तिथे मोरिवलीचं जुनं गाव. प्रज्वलचे वडील, हिंदुराव, कधीकाळी देशावरून कारखान्यात कामाला आले आणि इथेच राहिले. ते वारले होते. घरात आता प्रज्वल, त्याची आई बनूबाई आणि ती तान्ही. प्रज्वल एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला होता. त्याची सेकंड शिफ्ट असल्यामुळे घरी होता. देवदत्तला वाटलं होतं, ते ओरडतील, अंगावर येतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बनूबाईंच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मदत करणाऱ्या कुठल्यातरी संस्थेचा माणूस असावा, असं त्यांना वाटलं.

देवदत्त बोलायला लागला. त्याने घरून शब्द जुळवून आणले होते. क्लस्टर म्हणजे काय, नोड का वाढवले, पत्त्यांची रांग कशी एकच निघाली. साईकृपा सोसायटीचं उदाहरणही दिलं. प्रज्वल मान डोलवत होता, पण त्याच्या डोळ्यांत काहीच पोचत नव्हतं. कॉम्प्युटर बिघडला होता, एवढंच त्याला कळत होतं. कॉम्प्युटर बिघडतात.

"ठीक हाय ना साहेब," तो मध्येच म्हणाला. "आता काय. आमच्या नशिबात नव्हतं. रक्तच नव्हतं कुठे, त्याला कोण काय करणार? मी मारली गाडी, जेवढी पळते तेवढी पळवली."

त्याच्या तोंडून हे वाक्य इतकं सरावाने आलं, की देवदत्तच्या ध्यानात आलं: तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला ह्याने हेच सांगितलं असणार. रात्री स्वतःला हेच सांगत असणार. आत्ता उठून निघावं, असं त्याला वाटलं. बनूबाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना नोड कळले नव्हते, पण माणूस कळला होता. हा काहीतरी सांगायला आलाय आणि अजून ते सांगितलेलं नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही येवढं लांबनं आलाय, ते कशापायी? रगात न्हवतं, हेच सांगाया?"

देवदत्तने पाण्याचा पेला खाली ठेवला. "नाही."

"मग? हुतं?"

"होतं."

"कुठं?"

त्याने पेढीचं नाव सांगितलं. बनूबाईंनी प्रज्वलकडे बघितलं. "कुठं रं ही?"

प्रज्वल जमिनीकडे बघत होता. ती पेढी अंबरनाथची. मोरिवलीतून चालत गेलं तरी पोचता येईल अशी. बदलापूरहून कल्याणला निघाला की मोटरसायकल अंबरनाथवरूनच जाते. तिच्या दारावरून तो गेला होता. आणि परतताना, छातीशी पिशवी धरून, पुन्हा तिच्याच दारावरून.

"तिथल्या सिग्नलला थांबलो होतो मी," तो म्हणाला. एवढंच. मग उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. बाहेर बादली पडल्याचा आवाज झाला, पुन्हा शांत झालं.

बनूबाई रडल्या नाहीत. बाळाच्या अंगावरचं फडकं त्यांनी दोनदा नीट केलं. "आजवर त्यो भाकरी तरी खात हुता," त्या म्हणाल्या. "जे न्हाईच, त्येचं दुख मानूस गिळतो. आता तुम्ही हाय म्हनून सांगितलं."

"मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं."

"कळाया पायजे हुतं. व्हय." त्यांनी थोडा विचार केला. "पर तुम्हाला सांगाया पायजे हुतं म्हनून तुम्ही आला. आम्हांस्नी कुनी इचारलं न्हाई, ऐकायचं हाय का म्हनून. जावा आता. त्यो परत आत यायच्या आधी जावा."

देवदत्त उठला. नमस्कार करावा की नाही, हे त्याला कळेना. त्याने चपला हातात घेतल्या आणि रस्त्यावर येऊन घातल्या.

त्यानंतर गोष्टी एकामागून एक घडत गेल्या. प्रज्वलने तक्रार केली. हॉस्पिटलावर, कंपनीवर, आणि देवदत्तवर नावानिशी. हॉस्पिटलाने चंदरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. बातमी पसरली तशी आणखी दोघांनी काढलं. चंदरला माणसं कमी करावी लागली. देवदत्तला त्याने काढलं नाही, फक्त सर्व्हरांचं काम त्याच्याकडून घेतलं आणि बिलांचं दिलं. ऑफिसातली मुलं त्याला काका म्हणायची थांबली. 'सर' म्हणायला लागली. दुपारी डबे उघडले की बोलणं थांबायचं. एक दिवस पुष्कर नावाचा मुलगा, ज्याला त्याने नेटवर्कचं अ आ इ शिकवलं होतं, शेवटचा पगार घेऊन निघाला. दारात थबकला.

"एक विचारू, सर? राग मानू नका. सुरुचीचं तुम्ही लिहून दिलंत, ते बरोबरच होतं. पण त्यांच्या घरी कशाला गेलात?"

उत्तराची वाट न बघता तो जिना उतरून गेला. पुढच्या महिन्यात देवदत्तने राजीनामा दिला. चंदरने तो मुकाट्याने घेतला. मग त्याचा हात हातात धरून नुसताच उभा राहिला. दोघांचेही डोळे भरून आले होते आणि दोघांनाही एकमेकांकडे बघता आलं नाही.

आता तो घरीच असतो. कुंदाची मोठी बहीण बदलापूरला क्लास चालवते. तिथे आठवड्यातून काही वेळा मुलांना कॉम्प्युटर शिकवायला जातो. कुंदा त्याला कधी म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. तिचं ते न म्हणणंच त्याला जड जातं. तिचं हसतखेळत थट्टा करणं मात्र बंद झालंय. पाहुणे आले तरी ती लग्नाचा तो किस्सा सांगत नाही.

तक्रारीची चौकशी सुरू आहे. एका सरकारी कार्यालयात तारखा पडतात. हॉस्पिटलाचा वकील येतो, कंपनीचा येतो, दोघं बहुतेक वेळा पुढची तारीख मागतात. चौकशी समितीतल्या डॉक्टरांनी एकदा देवदत्तला विचारलं, "म्हणजे हा तांत्रिक बिघाड होता?" तो म्हणाला, "बिघाड काहीच नव्हता. सगळी यंत्रं चालू होती. मी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही." लिहिणाऱ्याने वर बघितलं. डॉक्टर म्हणाले, "तांत्रिक बिघाड लिहा."

त्याला बोलावलेलं नसतं तेव्हाही तो जातो. वकिलाने त्याला बजावलंय, तुम्ही येऊ नका, उगाच अंगाशी येईल. तरी तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. समोरच्या बाकावर प्रज्वल आणि बनूबाई. प्रज्वल फार वाळलाय. नोकरी त्याने सोडली, की सुटली, हे विचारायची देवदत्तची हिंमत नाही. ते त्याच्याशी बोलत नाहीत. शिव्या देत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. तो तिथे आहे हे त्यांना माहीत असतं, बस.

मागच्या तारखेला मुलगी रांगायला लागलेली होती. आजीच्या मांडीवरून उतरून ती फरशीवर आली आणि सरळ देवदत्तच्या दिशेने निघाली. त्याच्या पायाशी येऊन तिने त्याच्या पँटला धरलं, उभी राहायला बघू लागली. देवदत्तने हात पुढे केला नाही. मागेही घेतला नाही. बनूबाई उठल्या, आल्या आणि त्यांनी मुलीला उचललं. रागाने नाही, गर्दीत परक्या माणसापाशी गेलेल्या पोराला उचलतात तसं. मुलीच्या मुठीत पँटचं कापड होतं, ते त्यांना बोटं एकेक करून सोडवावं लागलं.

तेवढ्यात आतून शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब आज नाहीत. पुढची तारीख फोनवर कळेल."

प्रज्वल उठला. बनूबाई उठल्या. ते जिन्याकडे वळले, आणि ते पुरते खाली जाईपर्यंत देवदत्त बाकावरच बसून राहिला.